वहीत अक्षर मुलाचे, हिशेब बापाचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लिहीत असलेल्या कादंबरीतला बारा वर्षांचा मुलगा पहाटे वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, दूध संकलन केंद्रावरचे काम खिडकीतून बघतो. अण्णा काही जणांच्या दुधाचे फॅट, म्हणजे ज्यावर दर ठरतो तो स्निग्धांश, मुद्दाम कमी सांगतात, हे त्याच्या हळूहळू लक्षात येते. आणि ज्यांचे सर्वांत जास्त जाते त्या शेजारच्या विधवा मावशींच्या ओट्यावर तो रोज संध्याकाळी अभ्यासाला बसतो. त्याने सांगावे की गप्प राहावे, यावर कादंबरी सात प्रकरणे चालते आणि आठव्यात अडते. ‘काहीही केले तरी वाचकाला पटत नाही, असे का होते?’ असे आपण विचारले आहे. पाठवलेली प्रकरणे मी दोनदा वाचली. हस्तलिखितांच्या संपादनात सव्वीस वर्षे काढल्यानंतर एक अनुभव पक्का झाला आहे: जे प्रकरण अडते त्यात दोष क्वचितच असतो, तो बराच आधी कुठेतरी पेरलेला असतो. आपल्या कादंबरीत तो दुसऱ्या प्रकरणात आहे.

दुसऱ्या प्रकरणात शाळेतले गुरुजी परिपाठाला सत्याविषयी बोलतात, मुलाच्या मनावर ते ठसते, आणि तिथून पुढे शाळा म्हणजे न्याय आणि घर म्हणजे माया अशी वाटणी होते. मग मूल मध्ये आणि दोन्हीकडून दोर, अशी रस्सीखेच सुरू होते. रस्सीखेचीत पाहणाऱ्याला फक्त कोण जिंकते एवढीच उत्सुकता असते. दोराला काय वाटते हे कोणी विचारत नाही. शिवाय हे खरेही नाही. बारा वर्षांच्या मुलाला बरे-वाईट शाळेच्या परिपाठात समजत नाही. ते त्याला घरात, जेवताना, बाजारात, वडिलांचा हात धरून चालताना समजलेले असते. आपण स्वतःच पहिल्या प्रकरणात, बहुधा नकळत, याचा पुरावा ठेवला आहे. किराणा दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त परत दिले, तेव्हा अण्णा मुलाला भर उन्हात ते परत द्यायला पाठवतात. अण्णा माणूस म्हणून वाईट नाहीत एवढे दाखवण्यासाठी आपण तो प्रसंग घातलात आणि पुढे विसरून गेलात. माझ्या मते सगळी कादंबरी त्या दहा रुपयांत आहे. ज्या मापाने मुलगा बापाला मोजणार आहे, ते माप बापानेच त्याच्या हातात दिलेले आहे. म्हणजे त्याने अण्णांविरुद्ध तोंड उघडले तर ती अण्णांचीच आज्ञा पाळणे ठरेल, आणि तो गप्प राहिला तर तो अण्णांच्या शिकवणीशी बेइमान ठरेल. ही कोंडी शाळा आणि घर यांच्यामध्ये नाही, ती घरातल्या घरात आहे. गुरुजींचे भाषण काढून टाका. मुलाला न्यायाचा धडा देणारा दुसरा माणूस कादंबरीत नकोच.

आपल्या परंपरेत या कोंडीची सर्वांत नेमकी मांडणी कठोपनिषदाच्या आरंभी आहे. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आहे. दक्षिणेच्या गायी नेल्या जात असताना त्याचा मुलगा नचिकेत, ज्याला उपनिषद ‘कुमार’ म्हणते, त्या गायींकडे पाहतो. मूळ श्लोकात त्यांची चारच विशेषणे आहेत: शेवटचे पाणी पिऊन झालेल्या, शेवटचे गवत खाऊन झालेल्या, शेवटचे दूध देऊन झालेल्या, इंद्रियांतली शक्ती संपलेल्या. बाप लबाडी करतो आहे, असा एकही शब्द तिथे नाही. फक्त भाकड गायी आहेत आणि त्यांच्याकडे पाहणारे मूल आहे. मुलगा आरोपही करत नाही. तो विचारतो, ‘बाबा, मला कोणाला देणार?’ एकदा, दोनदा, तीनदा विचारतो. सर्वस्व द्यायचे तर मीही त्यात आलोच, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ, पण तो बापाला झोंबतो आणि ‘तुला मृत्यूला देतो’ असे तो संतापाने म्हणून बसतो. पुढची कथा बहुतेकांना माहीत असते, ती मृत्यूचे रहस्य विचारण्यासाठी. कादंबरीकाराने मात्र नचिकेताचा पहिला वर वाचावा. यम तीन वर देतो, तेव्हा आत्मज्ञानाच्या आधी, स्वर्गाच्या अग्नीच्याही आधी, हा मुलगा मागतो ते असे: माझ्या वडिलांचे मन शांत होऊ दे, त्यांचा राग जाऊ दे, आणि मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून जवळ घेऊ दे. बापाची खोट ज्याने पाहिली, त्याच्याच पोटात बापाची सर्वांत जास्त काळजी आहे. आपल्या मुलाच्या तोंडी ‘न्याय’ हा शब्द अकरा वेळा येतो (मी मोजला). ‘मी परत आल्यावर अण्णा मला ओळखतील का’ ही भीती एकदाही येत नाही.

प्रल्हादाचे उदाहरण आपण पत्रात दिले आहे, ते मला कमी उपयोगाचे वाटते, कारण प्रल्हादाला शंकाच नाही आणि शंका नसलेल्या मुलावर स्तोत्र लिहिता येते, कादंबरी लिहिणे अवघड. तरी भागवताच्या सातव्या स्कंधात नृसिंहाने हिरण्यकशिपूला मारल्यावर प्रल्हाद वर मागतो तो वडील पापमुक्त व्हावेत म्हणूनच, एवढे ध्यानात ठेवावे. त्याहून विकर्ण मला जवळचा वाटतो. तो लहान मूल नव्हे, पण कौरवांमधला धाकट्यांपैकी एक. द्यूतसभेत मोठे मोठे गप्प बसले असता द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे तो उठून सांगतो, कर्ण त्याला पोरकट ठरवून खाली बसवतो, आणि युद्धात हाच विकर्ण भावांच्या बाजूने लढून भीमाच्या हातून मरतो. मारणारा भीमच त्याच्यासाठी हळहळतो. खरे सांगणे आणि सोडून जाणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे महाभारताने एका दुय्यम पात्रात दाखवून ठेवले आहे. आपल्या आराखड्यात मात्र मुलापुढे दोनच रस्ते आहेत, सांगून घर तोडणे किंवा घर राखून गप्प बसणे. सांगून त्याच घरात, त्याच ताटाशी बसणे हा तिसरा रस्ता सर्वांत कठीण आहे आणि तो आपण चाचपूनही पाहिलेला नाही.

या प्रश्नावर जगात एकमत कधीच नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपले लेखन वाचताना असे वाटते की सांगणे हेच बरोबर आणि न सांगणे ही केवळ भीती, हे आपण आधीच ठरवले आहे. चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या संवादांच्या तेराव्या भागात एक अधिपती अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी लांबवली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस उत्तर देतो की आमच्याकडचे सरळ लोक वेगळे असतात. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो. पुढे चीनच्या कायद्यानेही ही भूमिका उचलली. तांग घराण्याच्या इ. स. ६५३ च्या संहितेत जवळच्या नातलगांनी एकमेकांचा गुन्हा झाकला तर, राजद्रोहासारखे अपवाद सोडून, शिक्षा नव्हती. उलट आईबापांवर फिर्याद करणारे मूलच गुन्हेगार ठरत असे. हे आपल्याला पटावे असे माझे म्हणणे नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही. ज्याची मेंढी गेली त्याचे काय, हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. पण आपल्या गावातल्या पारावर बसणारे निम्मे लोक याच मताचे असतील आणि ते मूर्ख किंवा लबाड नसतील, याचे भान लेखकाला असले पाहिजे.

दुसऱ्या टोकाला पाव्लिक मोरोझोव आहे. सोव्हिएत रशियात उरल भागातल्या गेरासिमोव्का या खेड्यात १९३२ च्या सप्टेंबरात या मुलाचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा खून झालेला आढळला. सरकारने गोष्ट सांगितली ती अशी: पाव्लिकने बापाची बेकायदा कृत्ये उघड केली, म्हणून नातलगांनी त्याला मारले. नातलगांना देहदंड झाला, पाव्लिकचे पुतळे उभे राहिले, शाळांना त्याचे नाव दिले गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांपुढे त्याचा आदर्श ठेवला गेला. या कहाणीतल्या बऱ्याच गोष्टींवर पुढे इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या. मला यात दिसते ते वेगळेच. मुलाच्या तोंडून बाहेर पडलेले खरे, ते खरे असले तरी, ऐकणाऱ्याच्या हातात गेल्यावर मुलाचे राहत नाही. आपल्या पाचव्या प्रकरणात समोरच्या डेअरीचा माणूस मुलाला मोटारसायकलवर पुढे बसवून, भेळ खाऊ घालून, ‘तुझे अण्णा वही कुठे ठेवतात रे?’ असे विचारतो. तो प्रसंग आपण दीड पानात उरकला आहे. त्याला पूर्ण प्रकरण द्या. दूध संस्थेची निवडणूक तोंडावर आहे, त्या माणसाला मावशींच्या पैशांशी काही देणेघेणे नाही, आणि तरीही संबंध गावात मुलाचे ऐकून घेणारा तोच एकटा आहे. इथे मुलाला पहिल्यांदा कळते की आपल्याजवळ जे आहे त्याला बाजारात किंमत आहे. हे कळणे बापाची लबाडी कळण्याइतकेच मोठे आहे.

वयाविषयी थोडे. योगायोगाने त्याच १९३२ साली स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचे मुलांच्या नैतिक निवाड्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातली कपांची जोडगोष्ट प्रसिद्ध आहे: एका मुलाने दार उघडले, दारामागे कप आहेत हे त्याला ठाऊक नव्हते, पंधरा कप फुटले, दुसरा चोरून मुरंबा काढायला गेला आणि एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुले बहुधा पंधरा कपांकडे बोट दाखवतात, मोठी मुले हेतू पाहतात. पुढच्या संशोधकांनी या मांडणीत पुष्कळ दुरुस्त्या केल्या, आणि कोणतेही मूल जिन्याच्या पायऱ्या चढावे तसे वाढत नाही. पण लेखकाच्या कामापुरते यातून एक निघते. आपला मुलगा बारा वर्षांचा आहे, म्हणजे त्याला हेतू समजतो, आणि म्हणूनच तो अण्णांचा हेतू शोधत राहील. बहिणीच्या लग्नाचे कर्ज आहे का? दूध संघाकडून येणारे पैसे थकले आहेत का? समोरचाही कापतोच, मग आपणच का सोडावे? तो बापासाठी सबबी गोळा करेल, एकेक तपासेल, आणि एकेक हातातून गळून पडेल. त्याची सहा वर्षांची बहीण मात्र सरळ विचारेल, ‘मावशींचे किती गेले?’ ती अजून कप मोजते आहे. बहिणीला आपण केवळ गोडव्यासाठी ठेवले आहे. तिला हा एक प्रश्न द्या, पुरे.

आता मोजण्याविषयी, कारण आपल्या मसुद्यात ‘अण्णा पैसे खातात’ एवढेच वाक्य आहे आणि ते कसे, हे कुठेच येत नाही. गुन्ह्याची यंत्रणा दाखवली नाही तर मुलाचे ओझेही दिसत नाही. मावशी एका वेळेला सहा लिटर दूध घालतात असे धरा. यंत्रावर फॅट ३.९ येते, वहीत ३.५ लागते. या चार पॉइंटांमागे (०.१ फॅट म्हणजे एक पॉइंट) लिटरला दीड रुपया कमी मिळतो असे मानले तर एका वेळचे नऊ, दिवसाचे अठरा, आणि दहा दिवसांच्या बिलात एकशे ऐंशी रुपये होतात. एवढ्याने कोणी देशोधडीला लागत नाही, आणि तेच महत्त्वाचे आहे. एवढ्यासाठी कोणी बापाविरुद्ध उभे राहील का, असे वाचकाला वाटले पाहिजे. मग पुढचा दुवा दाखवा. फॅट लागत नाही म्हणून मावशी गाईला सरकी पेंड वाढवतात, तीही उधारीवर, आणि उधारी कोणाकडे, तर केंद्रातूनच, बिलातून कापून घेण्याच्या बोलीवर. जे दुखणे गाईला नाहीच, त्यावर त्या पैसे खर्च करत आहेत, आणि ते पैसेही अण्णांकडेच येत आहेत. हे मुलाच्या समोर, रोज, दोन्ही वेळेला घडते. मुलाला खिडकीतून उठवून वहीपुढे बसवले, तर तो प्रसंग साधारण असा लिहिता येईल:

पावणेसहाला मावशींनी किटली कट्ट्यावर ठेवली. ‘पेंड जादा घातलीय कालपास्नं. आज तरी लागंल बघ,’ त्या मुलाकडे पाहून म्हणाल्या. अण्णांनी नमुना घेतला, बाटली यंत्राला लावली. पडदा आतल्या बाजूला होता. तीन पूर्णांक नऊ. अण्णांनी पडद्यावर अंगठा फिरवला, जणू ओल पुसावी, आणि म्हणाले, ‘पाच.’ त्याने ३ लिहिला. टिंब दिले. पेन टिंबावरच राहिले आणि शाई कागदात पसरू लागली. ‘लिही की,’ अण्णा म्हणाले, आवाज न चढवता. मागे चौघे किटल्या घेऊन उभे होते. त्याने ५ लिहिला. त्याचा पाच नेहमीच नीट यायचा. गुरुजींनी दोनदा वर्गात दाखवला होता. मावशी वहीत वाकून बघत म्हणाल्या, ‘अक्षर काय सुरेख हाय पोराचं!’

यात कोठेही द्वंद्व, घालमेल, अंतर्मन हे शब्द नाहीत, आणि त्यांची गरज पडू नये. शिवाय एक गोष्ट इथे आपोआप होते: मुलगा साक्षीदार राहत नाही, भागीदार होतो. वहीत अक्षर त्याचे आहे. आपल्या मूळ मसुद्यात तो खिडकीतून बघतो, म्हणजे त्याचे हात स्वच्छ आहेत. स्वच्छ हातांचे मूल बापाचा न्याय करू लागले की वाचकाला ते आगाऊ वाटते. ज्याच्या बोटाला शाई लागली आहे त्याचे आगाऊपण आपोआप उतरते.

हंगेरीत जन्मलेले अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ इव्हान बोसोरमेनी-नॅगी यांनी १९७३ साली, एका सहलेखिकेसह, घरातल्या अदृश्य निष्ठांवर पुस्तक लिहिले. त्यांची मूळ कल्पना आपल्या व्यापारी घरांना चटकन समजावी अशी आहे: प्रत्येक कुटुंबात देण्याघेण्याची एक न लिहिलेली खातेवही असते, आणि मुले मोठ्यांचे थकलेले देणे स्वतःच्या खात्यातून फेडू लागतात, बहुतेकदा भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच चलनात. हे मी प्रत्यक्ष मुलांत पाहिले आहे आणि चांगल्या हस्तलिखितांतही. मूल जाहीर सभेत बोलायला उठत नाही. ते आजारी पडते, परीक्षेत पेपर कोरा ठेवते, किंवा गुपचूप फेड करू लागते. आपला मुलगा काय करेल, याचा विचार मी दोन दिवस केला, आणि मला वाटते तो मावशींच्या ओळीत एखादा पॉइंट वाढवून लिहू लागेल. ३.५ ऐवजी ३.६, मग ३.८, मग घाबरून पुन्हा ३.५, आणि एका सकाळी रागाच्या भरात ४.१. आता त्याचा न्यायही खोट्या नोंदीवर उभा आहे. दहाव्या दिवशी अण्णा बेरीज मांडतील, शीतकरण केंद्राच्या पावतीशी ताळा बघतील, आणि नेहमीपेक्षा कमी का उरले हे शोधत पाने मागे उलटतील. तिथे त्यांना तो वळणदार आकडा सापडेल. बापाची चोरी मुलाला कळली हे सात प्रकरणे वाचकाला ठाऊक आहे. मुलाची चोरी बापाला कळते, हे आपले आठवे प्रकरण. आणि अण्णांना ओरडता येणार नाही, कारण ओरडायचे तर कशाबद्दल, हे तोंडाने सांगावे लागेल.

कायद्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी दुरुस्त करायला हव्यात. आपल्या नवव्या प्रकरणाच्या टिपणात ‘मुलगा अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) असल्याने त्याची साक्ष चालत नाही’ असे आहे. तसे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११८ मध्ये साक्षीदाराला वयाची अट नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम १२४ मध्येही ती नाही. प्रश्न समजून त्याला सुसंगत उत्तर देता येते का, एवढेच न्यायालय पाहते. १९६९ च्या शपथविषयक कायद्यात तर अशी तरतूद आहे की बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसला, पण खरे बोलण्याचे कर्तव्य कळत असले, तर शपथेविना त्याची साक्ष घेता येते. न्यायालयाला खरी धास्ती असते ती पढवून आणलेल्या मुलाची, आणि समोरच्या डेअरीचा तो भेळ खाऊ घालणारा माणूस इथे पुन्हा उपयोगी पडेल. कादंबरीकाराला याहून मोठे खाद्य एका विसंगतीत आहे. नवरा-बायकोंमध्ये लग्नाच्या काळात जे बोलणे झाले, ते उघड करण्याची सक्ती कायदा सामान्यतः करत नाही. गुन्हेगाराला आसरा दिल्याच्या गुन्ह्यातून नवरा किंवा बायको यांना सूट आहे. आई-बाप आणि मुले यांच्यासाठी तसे संरक्षण आपल्या कायद्यात नाही. म्हणजे अण्णा रात्री आईला जे सांगतील ते आईला पोटात ठेवता येते. तेच मुलाला सांगितले, तर मुलाला ती ढाल नाही.

अर्थात आपली गोष्ट न्यायालयापर्यंत नेऊ नका. दुधाच्या पॉइंटावरून गावात होते ते चेअरमनच्या ओसरीवर, चहा पीत, दोन जुन्या माणसांच्या मध्यस्थीने, आणि फार तर वजनमापाच्या कचेरीत अर्ज देण्याची धमकी दिली जाते. मात्र अन्याय या जातीचा नसून घरात मुलावर होणाऱ्या अत्याचारासारखा असेल, तर मी वर लिहिलेले पुष्कळसे लागू होत नाही, हे सांगितले पाहिजे. तिथे ‘निष्ठा की न्याय’ अशी गोष्ट रचणेच मुलावर अन्याय करणारे ठरते. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्ह्याची खबर देण्याचे बंधन माहिती असलेल्या प्रत्येकावर घातले आहे, पण खबर न दिल्याबद्दलच्या शिक्षेतून मुलांना वगळले आहे. कायदा करणाऱ्यांनी तिथे मोठ्यांचे ओझे मोठ्यांवर ठेवले. लेखकानेही तेवढे करावे.

आपल्या शेवटाविषयी मी थोडा कठोर आहे, कारण एकदा माझ्याच हातून हे पाप घडले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखिकेच्या हस्तलिखितात मुलगी शेवटपर्यंत काही सांगत नव्हती; ती फक्त भावाशी बोलणे हळूहळू बंद करत होती. मी आग्रह धरून तिला शेवटी सर्वांसमोर बोलायला लावले. पुस्तक नेटके झाले, आणि त्यातला जीव गेला. लेखिकेने कधी तक्रार केली नाही, पण तिने दुसरे हस्तलिखित माझ्याकडे पाठवले नाही. आपल्या आराखड्यात मुलगा वार्षिक सभेत उभा राहतो, टाळ्या पडतात, अण्णा डोळे पुसत माफी मागतात. टाळ्या वाजवणारे हे लोक कोण? यांच्यातल्या अर्ध्यांना फॅट कमी लागते हे आधीपासून ठाऊक होते आणि उचल मिळत राहावी म्हणून ते गप्प होते. त्यांना एवढ्या स्वस्तात सोडू नका. आणि मुळात दूध रोज निघते. सभेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा किटल्या येणार, कोणीतरी नमुना घेणार, कोणीतरी वहीपुढे बसणार. ती सकाळ लिहिल्याशिवाय कादंबरी संपत नाही. वही अण्णांनी स्वतःकडे ओढली का? मुलाला दिली, पण आकडा तोंडाने न सांगता पडदा त्याच्याकडे वळवला का? मावशींनी अक्षराचे कौतुक पुन्हा केले का? यांपैकी कोणते होईल ते मला सांगता येणार नाही, कारण अण्णा आपले आहेत. प्रथमपुरुषी निवेदनाचा मोह मात्र टाळा. मोठेपणी मागे वळून बघणारा ‘मी’ पहिल्याच पानावर निकाल देऊन टाकतो, आणि आपल्या या मुलाला अजून निकाल माहीत नाही.

शेवटची गोष्ट आईची. पाठवलेल्या सर्व प्रकरणांत ती चहा करते, हाका मारते आणि देवापुढे दिवा लावते. पंधरा वर्षे त्या घरात राहिलेल्या, दर दहा दिवसांनी बिलाच्या पाकिटातले पैसे मोजून डब्यात ठेवणाऱ्या बाईला काहीच ठाऊक नाही, हे मला पटत नाही. आपण तिसऱ्या प्रकरणात लिहिले आहे की दिवाळीच्या फराळाचे पहिले ताट, देवाला दाखवण्याआधीसुद्धा, मावशींकडे जाते आणि ते नेण्याचे काम मुलाचे असते. आपण ते शेजारधर्म म्हणून लिहिलेत. आठव्या प्रकरणानंतर दिवाळी येऊ द्या. मुलगा ताट उचलेल, नेहमीपेक्षा ते जड लागेल, रुमालाखाली लाडवांच्या शेजारी घडी केलेल्या नोटा असतील, आणि तो वळून आईकडे पाहील तेव्हा ती कढईतली करंजी उलटत, मान वर न करता म्हणेल, ‘दरवर्षी नेतोस ना? जा मग.’